लहान ट्रॅक्टरला घरची बंद केबिन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती 15 ते 30 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी आहे. गावातला किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फॅब्रिकेटर हाताशी धरून केबिन उभी करायची आहे, असं गृहीत धरलं आहे. 45–50 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला यातली बरीच मापं लागू पडणार नाहीत.

आपल्या भागात बंद केबिनची खरंच गरज आहे का?

गावागणिक उत्तर बदलतं. मलप्रभेच्या उगमाकडे, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, जून ते सप्टेंबर पाऊस डोक्यावरून हटत नाही. भात लावणाऱ्याला इरलं पुरतं, पण स्टिअरिंगवर बसलेल्याला इरलं पांघरता येत नाही. तिथे छत आणि समोरची काच एवढं झालं तरी निम्मं काम होतं. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे ऊस कारखान्यावर न्यायचा म्हणजे रात्रीची थंडी आणि पुढच्या ट्रॉलीची धूळ. अथणीकडे ऊन आणि धूळ, त्यात द्राक्षबागेची फवारणी.

म्हणून आधी ठरवा : पाऊस अडवायचा, थंडी अडवायची की धूळ? फक्त पाऊस अडवायचा असेल तर पूर्ण बंद केबिन करू नका. छत, समोर काच आणि दोन्ही बाजूंना गुंडाळून वर बांधता येणारे ताडपत्रीचे पडदे एवढी अर्धी केबिन 55–60 किलोत होते, गरम होत नाही, आणि संकटात पडदा बाजूला सारून उडी मारता येते. खानापूरच्या भातशेतीला आमच्या मते तीच योग्य.

ट्रॅक्टर उलटला तर ही केबिन वाचवेल का?

नाही. हे उत्तर आधी नीट पचवा, मग पुढे वाचा.

कंपनीची सुरक्षा चौकट, जिला रोप्स म्हणतात, ती ठरावीक पोलादाची असते. ट्रॅक्टरच्या वजनाच्या प्रमाणात तिच्यावर मागून, बाजूने आणि वरून जोर देऊन ती तपासलेली असते. भारतात त्यासाठी आयएस 11821 हे मानक आहे. घरची केबिन कुठल्याच तपासणीतून गेलेली नसते. 40 मिमीचा चौकोनी पाईप डोळ्यांना दणकट दिसतो, पण टनभर ट्रॅक्टर बाजूला पडला की तो वाकतो, आणि बहुतेक वेळा पायाजवळच्या वेल्डिंगला तुटतो. घरची केबिन ऊन, पाऊस, धूळ आणि थंडीसाठी आहे.

ट्रॅक्टरला कंपनीची रोप्स असेल तर ती काढू नका, कापू नका, तिला भोक पाडू नका आणि तिच्यावर वेल्डिंग मारू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचं पोलाद बदलतं आणि चौकट नेमकी तिथे हरते. केबिन रोप्सच्या आत किंवा भोवती, वेगळ्या पायावर उभी करा. दुमडणारी रोप्स असेल तर ती वर उभी करून पिन घातलेली असतानाच मापं घ्या. रोप्स असेल तर सीटबेल्ट लावायचा. रोप्स नसेल तर नुसत्या घरच्या केबिनच्या भरवशावर बेल्ट बांधू नये.

केबिनचं वजन किती भरतं, आणि त्याने काय फरक पडतो?

पूर्ण बंद केबिन काटकसरीने केली तरी 130–145 किलो भरते. हे वजन उंचावर येतं, तिथेच खरी मेख आहे.

एक हिशेब मांडून पाहू. ट्रॅक्टर 900 किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 65 सेंमीवर, मागच्या चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर 110 सेंमी. उभा ट्रॅक्टर कागदावर साधारण 40 अंशांच्या उतारावर कलंडेल. आता 135 सेंमी उंचीवर गुरुत्वमध्य असलेली 130 किलोची केबिन चढवली की एकूण गुरुत्वमध्य 74 सेंमीवर जातो आणि तोच कोन 37 अंशांवर येतो. तीन अंश म्हणजे फार नाही असं वाटेल. पण चालता ट्रॅक्टर, एक चाक बांधावर, दुसरं सरीत आणि वळण घेतलेलं, अशा वेळी तो या कोनाच्या कितीतरी आधी जातो. तिथे तीन अंश खूप झाले.

उपाय सोपा आहे. मागच्या चाकांच्या डिस्क उलट्या लावून अंतर 10 सेंमीने वाढवा. वरच्या हिशेबात कोन परत 39 अंशांवर येतो. द्राक्षाच्या किंवा उसाच्या ओळींमुळे चाकं रुंद करता येत नसतील तर केबिनचं वजन 100 किलोच्या आत ठेवा किंवा अर्ध्या केबिनवर थांबा.

वजनाचा बहुतेक भाग मागच्या टायरवर येतो. कंपनीच्या पुस्तकातला भार आणि हवेचा तक्ता पाहून हवा बदला. अंदाजाने टायर कडक करू नका, चिखलात पकड जाते.

सामान किती आणि कोणतं आणायचं?

दर रोज हलतात, म्हणून इथे रुपये न देता नग आणि किलो दिले आहेत. पाईप 20 फुटी, म्हणजे 6 मीटरच्या नगात मिळतो.

- चार खांब आणि खालची चौकट : 40×40 मिमी, 2.5 मिमी जाडीचा चौकोनी पाईप, 2 नग, सुमारे 35 किलो.
- वरची चौकट, आडवे पाईप, काचेच्या चौकटी : 25×25 मिमी, 2 मिमी जाडी, 4 नग, सुमारे 34 किलो.
- दरवाजे : 20×20 मिमी, 1.6 मिमी जाडी, 2 नग, सुमारे 11 किलो.
- खालचे बंद भाग : 1 मिमी जाडीचा 8×4 फुटी पत्रा, 1 नग, 23 किलो.
- छत : 3 मिमीची एसीपी (अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या पदरांची) शीट, सुमारे 1.8 चौरस मीटर, 8 किलो.
- बाजू आणि मागे : 3 मिमीची सलग पॉलिकार्बोनेट शीट, 2.2 चौरस मीटर, 8 किलो.
- समोर : 6 मिमीची लॅमिनेटेड (मध्ये प्लॅस्टिकचा पदर असलेली) काच, 0.8 चौरस मीटर, 12 किलो.
- बिजागरं, कड्या, रबर, वायपर, पंखे, बोल्ट : मिळून 10–12 किलो.

बेरीज 140 च्या आसपास येते. छताला एसीपीऐवजी 1.2 मिमीचा लोखंडी पत्रा टाकला की 9 किलो वाढतात, तेही सगळ्यात उंचावर. बाजूंनाही 5 मिमीची काच लावली की आणखी 19–20 किलो. पाईप घेताना जाडी व्हर्नियरने स्वतः मोजा. 2 मिमी म्हणून दिलेला पाईप कधीकधी 1.6 चाच निघतो.

मापं कशी घ्यायची?

ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करा, चारही टायरची हवा बरोबर करा. जो रोज चालवणार आहे त्यालाच सीटवर बसवा, डोक्यावर टोपी किंवा फेटा असेल तर तोही असू द्या. डोक्याच्या वर किमान 12 सेंमी मोकळी जागा हवी. खड्ड्यात सीटची स्प्रिंग दाबून उसळते तेव्हा डोकं छताला लागतं, ही घरच्या केबिनींची नेहमीची तक्रार आहे.

मग प्रत्येक लिव्हर शेवटच्या टोकापर्यंत हलवून पाहा : गिअर, हाय-लो, हायड्रॉलिक, पीटीओ (अवजाराला इंजिनची ताकद देणारा दांडा), हँडब्रेक. हात आणि खांबामध्ये 6–8 सेंमी अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर मागचा गिअर टाकताना बोटांची सालं निघतात. क्लच आणि ब्रेक पूर्ण दाबून बुटाची जागा बघा. रोटाव्हेटर जोडून पूर्ण वर उचला. तो मागच्या काचेला लागणार नाही याची खात्री झाल्यावरच मागचा खांब ठरवा. ट्रॉलीही दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.

तीन गोष्टी मोजायला लोक विसरतात. बॉनेट उघडतं का, डिझेलच्या टाकीचं झाकण फिरतं का आणि बॅटरी बाहेर निघते का. चौथी गोष्ट घरची : गोठ्याच्या किंवा शेडच्या दाराची उंची. केबिन तयार झाल्यावर ट्रॅक्टर आत जाईना, मग टायरची हवा काढून आत ढकलायचा, असं होऊ देऊ नका. वाटेवरच्या विजेच्या लोंबत्या तारा आणि आंब्याच्या फांद्याही या मापात येतात.

केबिनची रुंदी मडगार्डच्या बाहेर जाऊ देऊ नका.

केबिन कशावर बसवायची? मडगार्डवर चालेल का?

मडगार्डच्या पत्र्यावर नाही. तो पत्रा चिखल अडवायला असतो. 140 किलो त्यावर ठेवले तर काही आठवड्यांत बोल्टच्या भोकाभोवती फाटतो.

मागचे दोन पाय मागच्या एक्सलच्या ट्रंपेटवर, म्हणजे एक्सलभोवतीच्या ओतीव नळीवर घ्या. 10 मिमी जाडीची पट्टी वर ठेवून खालून यू-बोल्टने आवळा, किंवा मडगार्ड ज्या बोल्टांवर बसतो त्याच बोल्टांत, तेवढेच लांब बोल्ट घेऊन, पट्टी अडकवा. पुढचे दोन पाय पायदानाच्या ब्रॅकेटवर, म्हणजे क्लच हाउसिंगला ज्या ठिकाणी कंपनीने बोल्ट दिले आहेत तिथे. ट्रंपेट आणि हाउसिंग ओतीव असतात. त्यांना वेल्डिंग मारायचं नाही, नवीन भोक पाडायचं नाही. ओतीव लोखंड वेल्डिंगच्या बाजूला तडकतं आणि तेल गळायला लागतं.

प्रत्येक पायाखाली रबर हवंच. जीप किंवा टेम्पोचं इंजिन फाउंडेशनचं रबर चालतं. वर-खाली दोन्हीकडे रबर आणि मधून बोल्ट, अशी रचना करा, म्हणजे रबर तुटलं तरी केबिन सुटून पडणार नाही. बोल्ट 12 मिमीचे, 8.8 ग्रेडचे, नायलॉक नटसह. पहिले 10 तास चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नंतर दर महिन्याला. रबर दबतं, म्हणून पहिल्या आवळणीवर भिस्त ठेवू नका.

वेल्डिंग ट्रॅक्टरवरच करायचं की खाली?

टॅक, म्हणजे जागा धरून ठेवणारे वेल्डिंगचे ठिपके, ट्रॅक्टरवर, पक्कं वेल्डिंग खाली.

पहिल्यांदा चार पायांच्या पट्ट्या ट्रॅक्टरला बसवा, त्यावर खालची चौकट ठेवा, खांब उभे करून टॅक मारा. दोन्ही कर्णांची लांबी मोजा. फरक 3 मिमीपेक्षा जास्त असेल तर टॅक तोडून सरळ करा. काच कर्णातला फरक माफ करत नाही. मग चौकट उतरवून खाली पूर्ण वेल्डिंग करा. एका कोपऱ्यात सगळं वेल्डिंग संपवून दुसऱ्याकडे गेलात तर चौकट ओढली जाते, म्हणून समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घ्या.

2 मिमी पाईपला 12 नंबरची, म्हणजे 2.5 मिमीची 6013 कांडी आणि 60 ते 80 अँपिअर करंट. 10 नंबरची जाड कांडी पाईपला भोक पाडते. फॅब्रिकेटरकडे सीओटू मशीन असेल तर 0.8 मिमीच्या तारेने काम जास्त स्वच्छ येतं.

ट्रॅक्टरवर टॅक मारताना बॅटरीची दोन्ही टोकं काढा, अल्टरनेटरचं कनेक्शन काढा. अर्थिंगचा चिमटा टॅकच्या अगदी जवळ लावा. तो पुढच्या एक्सलला लावला की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर खड्डे पडतात. बऱ्याच लहान ट्रॅक्टरची डिझेल टाकी स्टिअरिंगच्या पुढेच असते. तिच्यावर ओलं गोणपाट टाका आणि शेजारी पाण्याची नव्हे, वाळूची बादली ठेवा.

काच घ्यायची, पॉलिकार्बोनेट की अॅक्रेलिक?

अॅक्रेलिक नको. दगड लागला की टोकदार तुकडे होतात.

समोर लॅमिनेटेड काच. वायपर फिरणार असेल तर काचेला पर्याय नाही. पॉलिकार्बोनेटवर वायपर फिरला की धुळीचे कण घासून एका पावसाळ्यात अर्धगोल चरे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी ते सगळे चमकतात. काचेचे कोपरे 50 मिमी त्रिज्येने गोल करून घ्या. काच चौकटीत धरणारी एच आकाराची रबरपट्टी काटकोनात वळत नाही, आणि टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. टफन (तापवून कणखर केलेली) काच वापरायची असेल तर माप आणि भोकं आधी पक्की करा. टफन झाल्यावर तिला कापता येत नाही, प्रयत्न केला की खडीसाखरेसारखी विखुरते.

बाजूंना पॉलिकार्बोनेट उत्तम, कारण ते हलकं असतं आणि फुटत नाही. पण ते उन्हात वाढतं. 1 मीटर शीट 40 अंशांच्या फरकाने जवळजवळ 2.7 मिमी वाढते. डिसेंबरच्या पहाटे घट्ट बसवलेली शीट एप्रिलच्या दुपारी पोट काढते आणि बोल्टपासून चिरते. म्हणून 6 मिमी बोल्टला 10 मिमीचं भोक, मोठा वायसर, खाली रबर, आणि बोल्ट बेताने आवळायचा. शीटवर अतिनील किरणांपासून संरक्षणाचा थर ज्या बाजूला असल्याचं छापलेलं असतं ती बाजू बाहेर. कागद ओढून टाकण्याआधी मार्करने खूण करा, मागाहून दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. पुसायला फक्त साबणाचं पाणी. थिनर, पेट्रोल आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं पाणी लागलं की शीट दुधाळ होते. फटी बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन शीटलाही चांगलं नाही आणि पाईपलाही गंज लावतं.

दरवाजे किती आणि कसे?

दोन, समोरासमोर. एकच करायचा हट्ट असेल तर मागची काच वरच्या बिजागरावर आतून पूर्ण उघडणारी करा, ज्यातून माणूस बाहेर पडू शकेल. ट्रॅक्टर पाटात किंवा उसाच्या सरीत दाराच्या बाजूला पडला तर ते दार उघडत नाही. आत हाताच्या अंतरावर काच फोडायचा हातोडा अडकवून ठेवा. तो टफन काचेलाच चालतो. लॅमिनेटेड काच फुटली तरी फाटत नाही, म्हणून बाहेर पडायची वाट समोरच्या काचेतून धरू नका.

दार 55 सेंमीपेक्षा अरुंद करू नका. बिजागरं तीन आणि पिन वर ओढून काढता येणारी. दोन बिजागरांवरचं दार सहा महिन्यांत खाली बसतं आणि कडी लागेनाशी होते. कडी आतून एका हाताने, न बघता उघडली पाहिजे. खिडकीची साधी टॉवर बोल्ट लावू नका, चिखलाने अडकते.

चिखलणीला केबिन घालून जायचं का?

दरवाजे काढून जा. पिनची बिजागरं त्यासाठीच. लोखंडी केज व्हीलचा चिखल बाजूने वर उडतो आणि काच पाचच मिनिटांत आंधळी होते, शिवाय रुतलेल्या ट्रॅक्टरमधून झटकन उतरता आलं पाहिजे. केज व्हील फिरताना खालच्या पत्र्याला घासत नाही ना, हे जॅकवर चाक उचलून हाताने फिरवून पाहा. किमान 5 सेंमी जागा हवी.

आत भट्टीसारखं गरम होतं. काय करावं?

ऊन हे एकच कारण नसतं. रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे, थेट तुमच्या गुडघ्यांवर फेकतो, आणि खालून गिअरबॉक्स तापलेला असतो. उघड्या ट्रॅक्टरवर ती हवा उडून जाते, बंद केबिनमध्ये साठते.

घाईत केली जाणारी चूक अशी : बॉनेटच्या मागची फट पत्र्याने बंद करून टाकायची. मग हवेला वाट राहत नाही, आणि रोटाव्हेटर मारताना तापमानाचा काटा लालकडे सरकतो. बरोबर पद्धत म्हणजे केबिनचा पुढचा पत्रा बॉनेटपासून 10 सेंमी मागे ठेवायचा आणि मध्ये तिरपी पट्टी लावून गरम हवा दोन्ही बाजूंना वळवायची. पुढच्या पत्र्याला आणि पायाखाली 10–12 मिमीचं नायट्राइल रबर फोम लावा, अॅल्युमिनियमचा कागद इंजिनच्या बाजूला. थर्माकोल लावू नका, तो इंजिनजवळ वितळतो आणि पेटतोही.

छतात मागे आणि पुढे एकेक झडप ठेवा. गरम हवा वरूनच जाते. छताला पांढरा रंग द्या, काळा किंवा ट्रॅक्टरच्या रंगाशी जुळणारा नको. एवढं करूनही अथणीकडच्या मे महिन्यात दुपारी मागची काच आणि दरवाजे काढूनच चालवावं लागेल. केबिन करताना हे काढघाल सोपं ठेवा.

एसी बसवता येईल का?

कारच्या एसीचा कंप्रेसर 3 ते 5 अश्वशक्ती खातो. 20 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला ते परवडत नाही.

केबिन झाल्यावर आवाज वाढला. असं का?

पत्र्याचा डबा ढोलासारखा वाजतो. इंजिनचा आणि गिअरचा आवाज आत अडकतो आणि सपाट पत्रे त्यात सूर मिसळतात. ठरावीक वेगावरच घुमणं वाढत असेल तर पत्रा थरथरतोय. चालू ट्रॅक्टरवर एकेका पत्र्याला तळहात दाबून पाहा. ज्याच्यावर हात ठेवल्यावर आवाज बसतो, तोच गुन्हेगार. त्याच्या आतल्या बाजूला मध्यभागी डांबराची डॅम्पिंग शीट चिकटवा किंवा तिरपी पट्टी मारा. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, निम्मा पुरतो. फाउंडेशनचं रबर बसलं असेल किंवा कुठे केबिन थेट हाउसिंगला टेकत असेल तर आधी ते सोडवा. इतकं करूनही शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात बोळे घालूनच दिवसभराचं काम करा.

वायपर, पंखा आणि दिव्यांची वायरिंग कशी करावी?

हिशेब : वायपर 4 अँपिअर, दोन पंखे 4, दोन 18 वॅटचे एलईडी दिवे 3. एकूण 11 अँपिअर. तुमच्या अल्टरनेटरला एवढा जादा भार झेपतो का, हे आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. जुन्या डायनॅमोच्या ट्रॅक्टरला झेपत नाही आणि सकाळी सेल्फ लागत नाही.

बॅटरीपासून 2.5 चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच 20 अँपिअरचा फ्यूज, मग चावीवर चालणारा रिले, पुढे प्रत्येकाला वेगळा फ्यूज. वायपरला 10 अँपिअर. पाईपातून वायर न्यायची असेल तर प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट. त्याशिवाय थरथरीने वायरचं आवरण कापलं जातं आणि तार पाईपला टेकते. ट्रॅक्टरला आग लागायचं हे एक ठरलेलं कारण आहे. 2 किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराच्या आत लावा. उसात पाचट सायलेन्सरपाशी साचतं, तेही रोज काढा.

वायपर वरच्या चौकटीवर बसवा. खाली बसवला तर स्टिअरिंगच्या मागे जागा राहत नाही.

सायलेन्सरचा धूर आत येतो. चालेल का?

अजिबात नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. डोकं जड होणं, मळमळणं, झोप येणं ही लक्षणं दिसली की ट्रॅक्टर थांबवून बाहेर या. उभा सायलेन्सर छताच्या 15–20 सेंमी वर न्या. आडवा असेल तर त्याचं तोंड दाराखाली किंवा हवा आत घेणाऱ्या झडपेजवळ येऊ देऊ नका. क्रँककेसचा श्वास सोडणारा पाईपही केबिनखाली मोकळा सोडू नका. बॅटरी आत येत असेल तर तिला झाकण आणि बाहेर जाणारी नळी द्या.

धूळ कशी अडवायची? फवारणीला केबिन पुरेल का?

सगळ्या फटी बुजवणं कधीच जमत नाही, लिव्हरच्या खाचा राहतातच. त्यांना ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन पदर, मधोमध चीर देऊन, वरून पट्टीने आवळा. आणि हवेचा दाब उलटा करा : कारचा 12 व्होल्टचा ब्लोअर छताच्या मागच्या बाजूला, कारच्या एअर फिल्टरमागे बसवून हवा आत ढकला. आत थोडा दाब राहिला की धूळ फटीतून आत येत नाही. हवा खालून घेऊ नका, सगळी धूळ चाकांपाशीच असते. फिल्टर ऊस वाहतुकीच्या दिवसांत आठवड्याला झटका.

फवारणीचं उत्तर वेगळं. औषधाची वाफ आणि बारीक थेंब अडवायला खास कार्बनचे फिल्टर आणि तपासलेली बंद केबिन लागते. युरोपात त्यासाठी ईएन 15695 हे मानक आहे. घरच्या केबिनमध्ये उलट आत शिरलेलं औषध साचून राहतं, कापडावर आणि फोमवर बसतं. द्राक्षबागेत फवारताना केबिन असो वा नसो, औषधाच्या लेबलवर सांगितलेला मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे घालायचेच.

पावसात काचेला आतून वाफ धरते.

ओले कपडे आणि श्वास. ब्लोअरची एक नळी समोरच्या काचेच्या तळाशी न्या आणि मागची झडप उघडी ठेवा. इंजिनजवळची गरम हवा आत घेऊ नका, तिच्यासोबत धूर येतो.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही, आणि नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. म्हणून काम काढण्याआधी ज्या कार्यालयात नोंदणी आहे तिथे विचारा. केए-22 बेळगाव, केए-23 चिकोडी, केए-24 बैलहोंगल, केए-49 गोकाक. ट्रॅक्टर पलीकडे कोल्हापुरात, एमएच-09 मध्ये घेतलेला असेल तर तिथे. विमा कंपनीलाही लेखी कळवा. केबिनमुळे मागचे दिवे, इंडिकेटर किंवा नंबर पाटी झाकली जाणार असेल तर ती बाहेर सरकवून घ्या. रात्रीच्या उसाच्या वाहतुकीत ट्रॉलीला रेडियम लावताना केबिनच्या मागच्या दोन्ही खांबांनाही लावा.

खांबाच्या पायाशी वेल्डिंगला तडा गेला. परत वेल्डिंग मारून चालेल?

नुसतं वरून मारलं तर महिन्याभरात बाजूलाच पुन्हा तडकेल. आधी कारण शोधा : एका पायाचं रबर बसलंय, एखादा बोल्ट सैल आहे, किंवा चार पाय एका पातळीत नसताना जबरदस्तीने आवळलेत. बोल्ट सोडल्यावर केबिनचा एखादा पाय आपोआप वर उचलला गेला तर तिसरं कारण पक्कं. तिथे पातळ पत्र्याची चकती घालून पातळी जुळवा.

दुरुस्ती अशी : तड्याचं टोक शोधून तिथे 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. ग्राइंडरने तडा पूर्ण उघडा, वेल्डिंग भरा आणि खांबाला 5 मिमी जाडीची त्रिकोणी पट्टी दोन बाजूंनी लावा. पट्टीचं टोक टोकदार ठेवू नका, थोडं कापून बोथट करा. टोकदार पट्टी तडा फक्त वर ढकलते.

गंज कुठून सुरू होतो?

पाईपच्या आतून. वरची टोकं पत्र्याने बंद करा, पण प्रत्येक खांबाच्या तळाला 6 मिमीचं भोक ठेवा, नाहीतर आत साचलेलं पाणी खालूनच पाईप खातं. वेल्डिंगची कात आणि शिंतोडे घासून त्याच दिवशी प्रायमर मारा. खानापूरकडच्या दमट हवेत रात्रभर उघडं राहिलेलं वेल्डिंग सकाळी तांबूस होतं. छताला मागच्या बाजूला 25–30 मिमी उतार द्या आणि कडेला लहान पन्हाळ, म्हणजे दार उघडताना पाणी मांडीवर पडत नाही.

उन्हाळ्यात केबिन काढून ठेवता येईल का?

येते, आधीपासून तसं ठरवलं असेल तर. छताच्या चार कोपऱ्यांत 12 मिमीच्या आय-बोल्टसाठी नट वेल्ड करून ठेवा. वायरिंगला एकच जोड ठेवा, जो हाताने सुटेल. चार पायांचे बोल्ट काढा आणि शेडच्या तुळईला लावलेल्या अर्ध्या टनाच्या चेन पुलीने केबिन सरळ उचला. तुळई वजन पेलेल याची खात्री आधी करा. ट्रॅक्टर खालून पुढे काढा, मागे घेऊ नका, कारण मागच्या आडव्या पाईपला स्टिअरिंग अडकतं. उतरवलेली केबिन जमिनीवर न ठेवता दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवा आणि दरवाजे वेगळे करून उभे टेकवा. फाउंडेशनची रबरं काढून एका डब्यात, कोणत्या पायाचं कोणतं ते रंगाने लिहून ठेवा. एकदा दबलेलं रबर दुसऱ्या पायाला नीट बसत नाही.